माझी झोळी काढू नकोस

एमेन, ऑक्टोबर १९७८

दीदी,

पाया पडते. तू पाय मागे घेशील हे ठाऊक आहे, तरी पडते.

आधीच्या पत्रांना तुझं उत्तर नाही. टपालवाल्याला मी दोष देत नाही, कारण आपल्या निकेरीहून दुसऱ्या लोकांची पत्रं समुद्रापार इथे बरोबर येतात. तुला एकटीला सोडून आले म्हणून राग धर, पण वाचून घे. माझं लिहिणं तुला माहीत आहे, मास्तरांच्या शाळेतलं दोन यत्तांचं, पुढच्या यत्तेत गायी आडव्या आल्या. पण इथे दुपारी बोलायला कोणी नाही. हरिदत्त कारखान्यात, सूनबाई इस्पितळाच्या धुलाईघरात, आणि आपली प्रेमिला शाळेत. चार वर्षांची पोर, दप्तरात नुसतं एक सफरचंद घेऊन जाते आणि तोऱ्यात सांगते, आजी, मला काम आहे. काय गोड दिसते म्हणून सांगू. तुझ्यासारखी भुवई उडवते. कुठून शिकली, तुला तर तिने पाहिलंही नाही.

निघताना सांगितलं तेच परत सांगते. मी हिवाळा बघायला आले आहे, राहायला नाही. हरिदत्तने कबूल केलंय की होळीचा फगवा झाला की विचारीन, माई, राहतेस की जातेस, आणि जाते म्हणालीस तर तिकीट काढीन. तेव्हा माझी निजायची झोळी ओसरीवरून काढू नकोस. शेजारच्या पोरांना तिच्यात उड्या मारू देऊ नकोस, दोर आधीच कुजलाय.

दुपारी मी डोळे मिटून आपली ओसरीच बघते. तीन खांब, दोन झोळ्या, मधला खांब दोघींचा. मी कूस बदलली की तो हलायचा आणि तू तिकडून म्हणायचीस, मेली भूकंप करते. इथे पलंग आहे. कितीही कूस बदला, कोणाला कळत नाही.

इथल्या बाया विचारतात, ती तुमची बहीण की जाऊ. मी सांगते, दोन्ही. बापाने एका मांडवात दोघींना दोन भावांकडे ढकललं, पंडिताची दक्षिणा वाचवली. मग विचारतात, मग त्या का नाही आल्या. तिथे मी विषय बदलते. हरिदत्तही रोज दारातून आत येतानाच विचारतो, बडकी माईचं पत्र आलं का. माझ्या पोटचा खरा, पण वाढला तुझ्या मांडीवर. त्याला सांगते, भाताची कापणी चालू असेल, तिला कुठला वेळ.

हवा छान आहे. आले तेव्हा तर रात्री जेवून उठलं तरी ऊन असायचं, मला वाटलं या लोकांचा सूर्य विसरभोळा आहे. आता झाडं पिवळी पडली. मला वाटलं रोग आला. शेजारच्या विरिंगा म्हाताऱ्याच्या अंगणात एक झाड आहे, त्याला एक पान उरलं नाही. मी सूनबाईला म्हटलं, इंद्राणी, जाऊन सांग बिचाऱ्याला, तुझं झाड मेलं. ती म्हणाली, "माई, ते दरवर्षी मरतं."

परवा सरकारने सगळ्यांना घड्याळं तासभर मागे करायला लावली. लोकांनी निमूटपणे केलीसुद्धा. आपल्या गायींना असं सांगून बघ.

तुझी फुलो

---

एमेन, जानेवारी, नवं साल

दीदी,

नव्या सालात तरी अबोला सोड. नाही सोडलास तरी ऐक, गंमत सांगते.

इथे तोंडातून वाफ निघते. खरंच. मी आणि प्रेमिला दारात उभ्या राहून फुंकत बसतो. ती म्हणते, आजी, तू विडी ओढ, मी आगगाडी होते. मग तिची आगगाडी माझ्याभोवती फिरते आणि मी विडी ओढत उभी. काचेवर सकाळी पानं उमटलेली असतात, पांढरी, कोणी काढल्यासारखी, आणि मी बोट लावलं की वितळतात. हा बर्फ पडताना आवाज करत नाही. आपल्याकडे पाऊस आला की छपराचा पत्राच सांगतो. इथे सकाळी पडदा सारावा तर सगळं गाव कोणी पुसून टाकलेलं.

सालाच्या पहिल्या दिवशी तर दार उघडेना. बर्फ कमरेएवढा. हरिदत्त खिडकीतून बाहेर उतरला, आणि विरिंगा म्हातारा त्याच्या बाजूने फावडं मारत आला. तो मला मिसेस आजी म्हणतो. पोर आजी आजी करते, त्याला वाटलं नावच ते. आता सुधारून कोण सांगणार, आणि कशाला. त्याने पातेलंभर जेवण आणलं होतं, हिरवी पानं आणि बटाटा एकत्र ठेचलेला, वर सॉसेज. सॉसेज मी बाजूला काढलं, त्याच्या समोर नाही. बाकीच्यात तू दिलेली मिरची कुस्करली तेव्हा कुठे ते जेवण झालं.

मी मजेत आहे. फक्त कपड्यांचा कंटाळा येतो. घागऱ्याखाली हरिदत्तचा पायजमा, त्यावर मोजे, त्यावर मोजे, मग ओढणी, ओढणीवर टोपी, टोपीवर परत ओढणी कारण कान, मग कोट. कोट दीदी, एखादं ओलं वासरू खांद्यावर घेतल्यासारखा जड. एवढं घालून पावाच्या दुकानात जायचं, आणि आत गेलं की इतकं गरम की सगळं काढायचं. घालण्या-काढण्यातच दिवस जातो. दिवस असतोच केवढा म्हणा.

इंद्राणी म्हणते, मी दुपारी पडदे ओढून बसते. खोटं आहे ते. पडदे उघडेच असतात. बाहेरच अंधार असतो.

तू दिलेलं खोबरेल बाटलीत दगड होऊन बसलंय. सुरीने खरवडते. अंगालाही लावत नाही मी ते, नुसतं टाळूवर थोडंसं. पुरवायचं आहे.

पत्र नाही आलं तरी चालेल, पण माझी झोळी आहे ना जागेवर? एवढं तरी कोणाकडून कळव.

फुलो

---

एमेन, बसंत पंचमीनंतर

दीदी,

बसंत पंचमी झाली. बसंत म्हणायचं, आणि बाहेर बघायचं नाही.

मी हरिदत्तच्या मागे लागले होते की घर मिळालं, पोर झाली, अंगण आहे, आणि पर्वत उचलणाऱ्या महावीराची लाल झंडी नाही, हे कसलं घर. तो म्हणाला, माई, बांबू कुठून आणू. दुकानात बांबू मिळतो, पण तो आपल्या करंगळीएवढा, घेवड्याचे वेल चढवायचा. त्यावर झंडी लावली तर महावीराला वाटेल चेष्टा चालली आहे.

तेव्हा विरिंगा आपल्या त्या मेलेल्या झाडावर चढून फांद्या कापत होता. वाळुंज आहे ते, मागच्या नाल्याच्या काठाकाठाने सगळीकडे आहे. इथले लोक थंडीत त्याचं डोकं पार भादरतात, नुसती मूठ उरते. या वयात शिडीवर चढलेला बघून मला धडकी भरली. हरिदत्तने त्याला एक लांब काठी मागितली. त्याने सरळसोट बघून दिली, मनगटाएवढी जाड, आणि उरलेल्या नाल्यात टाकल्या. मग विचारलं, कशाला हवी. प्रेमिलाने सांगितलं, माकडदेवाला झेंडा लावायला, तो उडतो. म्हातारा म्हणाला, मग त्याला इथे बरं वाटेल, वाऱ्याची काही कमी नाही.

पंडितजी आगगाडीने आले, धोतराखाली लोकरी विजार. आणि खड्डा काही होईना. हरिदत्तने कुदळ मारली तर लोखंडावर मारल्यासारखी वाजली. भुई गोठते, दीदी. पाणी गोठतं ते ठीक, पण भुई. शेवटी विरिंगाने शेगडीतले निखारे आणून तिथे पसरले, ते विझेपर्यंत आम्ही सगळे भोवती उभे, आणि मग पहारीने भोक पाडलं. पंडितजी म्हणाले, जमीन भाजून झंडी लावलेली आजवर पाहिली नव्हती. नैवेद्याचा रोट केला, गूळ नव्हता तर साखरेचा. लाल कापड इंद्राणीने शिवलं. तुझ्यासारखी टीप नाही, पण शिवलं.

हात जोडून मी महावीराला दुसरं काही मागितलं नाही. म्हटलं, माझं घर कुठलं ते सांग, म्हणजे मी बोलून मोकळी होते. तू तर काही बोलत नाहीस, म्हणून त्याला विचारलं.

फुलो

---

एमेन, मार्च, फगवा होऊन गेला

दीदी,

झंडी गेली. मागच्या पत्रानंतर लगेच असं वादळ आलं की बर्फ आडवा पडत होता. आपल्याकडे झंडी वर्षभर उन्हात विरते, रंग उतरतो, धागा धागा होऊन आपली आपण जाते. इथे एका वादळात. काठीला बोटभर लाल चिंधी उरली आहे. काठी उभी आहे.

फगवा एका शाळेच्या दालनात केला. खुर्च्यांवर बसून. रंग बाहेर खेळायचा म्हणून सगळे कोट घालून गेले, आणि कोट खराब होऊ नयेत म्हणून कपाळाला टिकली लावून परत आत आले. होळीला एरंडाची फांदी नव्हती, कोणीतरी पुठ्ठ्याची होलिका केली. पोरं नाचली. प्रेमिलाच्या केसांत जांभळा रंग गेला तो अजून निघत नाही, तिला फार आवडलाय. मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि उतरायची जागा निघून गेली. इंद्राणी म्हणाली, माई, झोप लागली का. झोप नव्हती.

थकले गं. दुखत काही नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, आजवर लिहिलं ते सगळं खरं, पण मधलं मधलं गाळलं. गेले काही महिने मी फक्त वाट बघते. सकाळी उजेडाची, दुपारी पोरीची, मग झोपेची. थंडी बाहेर असते असं लोक म्हणतात. ती हाडात येऊन बसते, आणि शेगडीपाशी बसलं तरी उठत नाही. वाटतं मार्च आला, संपली. एक दिवस ऊन पडतं, मी टोपी काढते, दुसऱ्या दिवशी परत बर्फ. कडक असेल ते सोसवतं, हे आशा लावणं सोसवत नाही.

हरिदत्तने विचारलं. भाकरी तोडता तोडता, माझ्याकडे न बघता.

"मग माई? राहतेस की जातेस?"

प्रेमिला समोर बसली होती. ती म्हणाली, "आजी कुठे जाणार? तिचा कोट इथे आहे."

मी म्हटलं, बडकी माईच्या पत्राची वाट बघते, मग सांगते.

तेव्हा दीदी, आता माझं ऐक. तू एकच शब्द लिही. 'ये.' सही करू नकोस, रागावलेलीच राहा. तो शब्द आला की मी येते. पोरीला सोडताना माझं काय होईल ते माझं मी बघीन. तू तिथे एकटी त्या मोठ्या घरात दिवा लावतेस, आणि मी इथे मोज्यांवर मोजे चढवते, याला काय अर्थ आहे.

फुलो

---

एमेन, मे महिन्याची सुरुवात

दीदी,

शब्द आला नाही. असू दे. दुसरंच काही झालंय, ते सांगते.

झंडीच्या काठीला फोड आले. मला वाटलं बुरशी. म्हटलं, बरोबर आहे, ओल्या देशात लाकूड कुजणारच. दोन दिवसांनी प्रेमिला ओरडत आली की आजी, झंडीला पानं आली. आणि खरंच, वरपासून खालपर्यंत, लांबट, पोपटी, पाठीमागून चांदीसारखी. ती लाल चिंधी त्यांच्यात अडकून बसलेली.

मला आनंद नाही झाला, राग आला. त्या काठीचा राग. तिला झाडावरून तोडली, भाजलेल्या भुईत ठोकली, वादळाने झोडपली, आणि हिला लाज नाही, पानं फुटली. मी दारात उभी राहून तिला बोलले. विरिंगा कुंपणापलीकडून बघत होता. त्याला आपली बोली काय कळणार, पण म्हणाला, मिसेस आजी, ती ऐकायची नाही, हे झाड कसंही टोचा, लागतं. मी त्याच्या भाषेत मोडकंतोडकं म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत. तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत, मला वाटलं तुमच्या देवाला झाडच हवंय.

आता हरिदत्तचा जीव वरखाली. घर भाड्याचं, नगरपालिकेचं. मुळं गटाराच्या नळात जातील, नोटीस येईल, आत्ता लहान आहे तोवर उपटू. मी म्हटलं, झंडीची काठी उपटतात का, तुला बडकी माईने हेच शिकवलं? त्याने पंडितजींना फोन लावला. पंडितजींनी फोनवरच पोथीची पानं चाळली. मग म्हणाले, शास्त्रात वाळक्या काठीचं दिलंय, हिरव्या काठीचं काही दिलेलं नाही, तोवर पाणी घाला.

म्हणून मी पाणी घालते. हवा आता उघडली आहे. कोट खुंटीला गेला. पाठीत अजून त्याचं ओझं वाटतं, काढलेलं असूनही. संध्याकाळी बाया खुर्च्या घेऊन दारात बसतात, अंग उन्हाला देऊन, एक शब्द न बोलता. पूर्वी मला त्या वेड्या वाटायच्या. परवा मीही खुर्ची नेली.

हरिदत्त अजून उत्तराची वाट बघतोय. त्याला वाटतं मी विसरले.

फुलो

---

एमेन, जून

दीदी,

तुझं गाठोडं पोचलं. आपल्या गावच्या रामप्यारीची सून घेऊन आली, विमानात मांडीवर ठेवून. मी चहा ठेवला, पण आधी गाठ सोडली, मला धीर कुठला.

आत माझी झोळी.

धुतलेली, घडी घातलेली. चहा उतू गेला, इंद्राणीने गॅस बंद केला. मी मनात म्हटलं, झालं. प्रत्येक पत्रात लिहिलं काढू नकोस, काढू नकोस, आणि हिने काढलीच. दीदीने माझी जागा मोकळी केली. एक शब्द मागितला होता, 'ये', तर हे पाठवलं. रामप्यारीची सून बिस्किट हातात धरून बसून राहिली बिचारी.

हरिदत्त कामावरून आला, त्याने झोळी बघितली आणि जिन्याच्या पायरीवर बसून तोंडाशी धरली. म्हणाला, माई, चुलीचा वास येतो. एवढा मोठा बाप्या, पोरीसमोर. मग त्यानेच बघितलं. "माई, दोर नवा आहे."

मी घेतला हातात. तुझा वळ मी ओळखीन, डावीकडे जास्त पीळ असतो. जुना दोर कुजलेला होता आणि तू अख्खा नवा वळलास, दोन्ही बाजूंना. टाकायच्या वस्तूला कोणी नवा दोर वळत नाही. आणि केवढा लांब. आपल्या ओसरीला त्याच्या निम्माही लागत नाही. मी रामप्यारीच्या सुनेला विचारलं, बाई, देताना ती काही म्हणाली का. ती म्हणाली, हो, सांगायचंच राहिलं, तुम्ही रडत होतात ना. म्हणाली, "फुलोला म्हणावं, तिकडचे खांब किती लांब आहेत मला काय ठाऊक, म्हणून दोर जास्त ठेवलाय."

एवढंच. तू तिला आणखी काही सांगितलंस का ते मी चारदा विचारलं, नाही म्हणाली.

घडीच्या आत लाल कापड होतं. त्रिकोणी, तुझी टीप, दुहेरी. म्हणजे माझी पत्रं तू फाडली नाहीस. वादळाची गोष्ट वाचलीस, इंद्राणीच्या शिवणाची वाचलीस, आणि मनात म्हणाली असशील, हिला टीप घालता येत नाही तर वारा नेणारच. झंडी लावली. पानांतून वर काढून बांधावी लागली. आता ती काठी वाढेल तशी झंडी वर जाणार, मग बदलायला हरिदत्तला शिडी लागेल. नळाचं तो बघून घेईल म्हणाला.

रात्री जेवताना मी त्याला उत्तर दिलं. तो विचारतच नव्हता, मीच म्हटलं, तिकीट काढू नकोस. तो डाळ वाढत होता, वाढतच राहिला, ताटाबाहेर गेली. प्रेमिला म्हणाली, पप्पा, सांडलं.

आनंदाने उड्या मारत नाही मी. ऑक्टोबर परत येईल हे मला कळतंय, परत ते वासरू खांद्यावर घ्यायचं आहे. त्याची आत्ताच दमणूक वाटते. पण तू दोर वळायला बसलीस तेव्हा तुझे हात दुखले असतील, आणि तरी तू 'ये' लिहिलं नाहीस. ते लिहिणं सोपं होतं. मी आले असते आणि पोरीच्या नावाने तुझ्याच ओसरीवर रडत बसले असते, हे तू तिथून बघितलंस. मला इथे राहून दिसत नव्हतं.

काल विरिंगाकडे गेले. त्याच्या नाल्यात त्या उरलेल्या फांद्या अजून पाण्यात पडून आहेत, त्यांना पांढरी मुळं सुटलीत. म्हटलं, मला खांब हवेत, सालीसकट, जाड बघून. या वेळी मला ठाऊक होतं मी काय मागते ते. त्याने विचारलं, परत देवाला का. मी म्हटलं, नाही, मला. झोळी दाखवली. तो म्हणाला, अंग टाकायच्या आधी चार-पाच वर्षं तरी थांबावं लागेल, मिसेस आजी. मी म्हटलं, थांबते, इथे येऊन मी दुसरं काय शिकले.

झंडीपासून दूर, भिंतीजवळ, उन्हाच्या बाजूला, हरिदत्तने भोकं पाडली. भुई आता लोण्यासारखी आहे, निखारे लागले नाहीत. माप झोळीचंच घेतलं, तुझा दोर सगळा सोडून. हरिदत्तने दोन खांब ठोकले आणि फावडं ठेवायला निघाला, तर मी म्हटलं, थांब, अजून एक.

तो म्हणाला, माई, झोळी एक, खांब तीन कशाला.

मी त्याला काही सांगितलं नाही. तुला सांगायला नको. मधला मी अगदी खोल ठोकायला लावलाय, हलू नये म्हणून.

तुझी फुलो